हळदीतल्या कर्क्युमिनने लॅबच्या प्लेटमधल्या कॅन्सर पेशी मरतात, मग मावशीची केमो थांबवून हळदीच्या कॅप्सूल द्यायच्या का?

प्रश्न आपल्या सांगलीच्याच एका एमएस्सी बायोटेक करणाऱ्या मुलीचा आहे. मावशी ५२ वर्षांची, डाव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर, रिपोर्टमध्ये ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी नाही), हर-टू ३ प्लस (हे काय ते पुढे सांगते). मिरजेला ट्रीटमेंट चालू आहे, दर २१ दिवसांनी डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन ही केमो आणि सोबत हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब, दोन सायकल झाल्यात. केस गेले, तोंड आलंय, जेवण जात नाही. घरात काका म्हणतायत हे विष बंद करा, आपली हळद जगभर जाते, तिच्या कॅप्सूल चालू करू. आणि मुलगी म्हणते की मी स्वतः पेपर वाचलेत, कर्क्युमिनने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी मरतात असं ग्राफ काढून दाखवलंय, मग काकांना चूक तरी कसं म्हणू?

आधी सरळ उत्तर देते, कारण तिसरी सायकल जवळ आली असणार. केमो थांबवू नका. कॅप्सूल देऊ नका. आमटीभाजीतली हळद आहे तशी राहू दे, तिचा काही त्रास नाही. आता कारणं सांगते, आणि जरा खोलात जाऊन सांगते, कारण तू शिकणारी आहेस आणि तुला हे पुढे दहा जणांना समजावून सांगावं लागणार आहे.

पहिली गोष्ट, तू वाचलेले पेपर खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. प्लेटमध्ये पेशी मरतात हे खरंच आहे, मी स्वतः मारल्यात. आता मी इथे सांगलीत पॅथॉलॉजीत बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड बघते पण त्याआधी बरीच वर्षं पुण्याला सेल कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर प्लेटमध्ये पेशी वाढवण्यात, काढली. माझं माहेर हळदीतलं, घरात अडतीचा धंदा, हरिपूरची हळद साठवायची पेवं बघत लहानाची मोठी झाले, त्यामुळे लॅबमध्ये कर्क्युमिनची बाटली पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. ९६ खणांची प्लेट, त्यात ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी, कर्क्युमिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की गडद केशरी होतं आणि मीडियात, म्हणजे पेशींच्या खाद्याच्या पाण्यात, टाकलं की एकदम पिवळंधमक. पाच डोस, २४ तास, मग एमटीटी. तुला माहीत असेलच, एमटीटी हा रंग पिवळा असतो, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत, ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. दुसऱ्या दिवशी वरच्या डोसचे खण फिकट पडलेले, हिशोब केला तर ८० टक्के पेशी मेलेल्या. मी त्याच रात्री पोस्टरचा ॲबस्ट्रॅक्ट लिहून पाठवून दिला.

माझ्या सीनियर बाईंनी शांतपणे दोनच गोष्टी सांगितल्या. एक, शेजारच्या ओळीत नॉर्मल पेशी लाव, त्वचेतले फायब्रोब्लास्ट. दोन, एका ओळीत पेशी टाकूच नकोस, नुसता मीडिया, कर्क्युमिन आणि एमटीटी. लावलं. फायब्रोब्लास्ट जवळपास त्याच डोसला मेले. आणि ज्या खणांत एकही पेशी नव्हती तिथेही हलकं जांभळं आलं, कारण कर्क्युमिन स्वतःच एमटीटीला रिड्यूस करतं, पेशीशिवायच जांभळं करतं, म्हणजे माझे मधल्या डोसचे आकडे सगळे हललेले. मग प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली तर वरच्या डोसच्या खणात तळाला बारीक पिवळी कचकच पसरलेली, पेशींच्या अंगावर बसलेली. माल विरघळलेलाच नव्हता. मी वहीत ५० मायक्रोमोलर (द्रवात औषध किती आहे त्याचं माप) लिहिलं होतं, प्रत्यक्षात पेशींना किती मिळालं देव जाणे. पोस्टर मागे घेतला. फार वाईट वाटलं तेव्हा, पण त्या दिवसापासून कुठलाही पेपर उघडला की मी ग्राफच्या आधी कंट्रोल, म्हणजे अशा तुलनेच्या ओळी, बघते, आणि तूही तेच कर.

त्यात अजून एक भर. १९९७ साली छापून आलेल्या एका कामात कर्क्युमिन ३७ अंशाला, साधारण रक्ताइतक्याच पीएचच्या बफरमध्ये ठेवलं तर अर्ध्या तासात ९० टक्के मोडून गेलं. सीरम घातलं तर जास्त टिकतं, पण तरी मोडतच राहतं. म्हणजे २४ तासांनी जे मेलं ते कर्क्युमिनने मेलं की त्याच्या तुकड्यांनी, हे वेगळं दाखवावं लागतं आणि बहुतेक पेपरांत ते दाखवलेलं नसतं. शिवाय कर्क्युमिन निळ्या उजेडात हिरवट चमकतं, त्यामुळे फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन त्यांची चमक मोजताना, ज्या चॅनेलमध्ये आपण अपॉप्टोसिसचा (पेशीने स्वतःच मरण्याचा) हिरवा रंग मोजतो त्याच चॅनेलमध्ये हे येऊन बसतं, आणि अनस्टेंड (रंग न लावलेला) कंट्रोल नीट लावला नाही तर औषधाची चमक अपॉप्टोसिस म्हणून मोजली जाते. प्रोटीनचं म्हणशील तर ज्याच्या त्याच्याशी चिकटतं. अशा रेणूंना औषध शोधणारे लोक पेन्स म्हणतात, म्हणजे कुठल्याही टेस्टमध्ये टाका, काहीतरी झाल्यासारखं दिसतं. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये केमिस्ट लोकांनी या सगळ्याचा कसून आढावा घेतला, तोवर कर्क्युमिनच्या १२० च्या वर क्लिनिकल ट्रायल झालेल्या, आणि डबल ब्लाइंड, प्लासिबो लावलेली, म्हणजे कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे पेशंट-डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली, एकही त्यात यशस्वी निघाली नव्हती असं त्यांनी लिहिलं. या विषयावरचे एका मोठ्या अमेरिकन संस्थेतले कितीतरी पेपर फोटोंमधल्या गडबडीमुळे मागे घेतले गेलेत, तेव्हा तू जो वाचलास तो अजून उभा आहे का हेही एकदा तपासून घे.

आता मुख्य मुद्दा, आणि हा काकांना वही-पेन घेऊन समजावण्यासारखा आहे. प्लेटमध्ये पेशी मारायला कर्क्युमिन साधारण १० ते ५० मायक्रोमोलर लागतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ पेशंटना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिलं, २००८ साली ते छापून आलं. रक्तात किती सापडलं? मिलिलिटरला २२ ते ४१ नॅनोग्रॅम. कर्क्युमिनचं आण्विक वजन ३६८, भागाकार कर, ०.०६ ते ०.११ मायक्रोमोलर येतं. म्हणजे प्लेटला जे लागतं त्याच्या शंभरावा हिस्सासुद्धा जेमतेम. बाकीचं आतड्यातून शोषलंच जात नाही, जे जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुकुरोनाइड, सल्फेट चिकटवून बाहेर काढतात. त्या ट्रायलमध्ये दोन पेशंटमध्ये थोडा परिणाम दिसला, एकाचा आजार दीड वर्षाच्या वर स्थिर राहिला, दुसऱ्याची गाठ थोडे दिवस बरीच कमी झाली आणि परत वाढली. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण २५ मध्ये दोन, आणि तेही तुलनेला दुसरा ग्रुप नसताना, याच्यावर मावशीला सोडता येत नाही.

आणि ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद? हळदीत कर्क्युमिन धर तीन टक्के, आपली चांगली असली तर थोडं जास्त. तीन टक्क्याने रोज पाव किलोपेक्षा जास्त हळदपूड होते. रोज. आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे या भागाचीच म्हणून सरकारी ओळख, मिळालं ते तिच्या रंगासाठी, वासासाठी, कर्क्युमिनसाठी, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे, पण म्हणून ती हर-टूवरचं औषध होत नाही. सांगली-मिरजेत हळदीशिवाय एका घरात फोडणी पडत नाही, तरी माझ्या टेबलावर रोज ब्रेस्टच्या बायोप्सी येतातच, आणि भारतातल्या बायकांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे.

आता मावशीच्या रिपोर्टकडे ये, कारण काका ज्याला सरसकट विष म्हणतायत त्यात काय काय आहे ते घरच्यांना कळलं पाहिजे.

हर-टू हे पेशीच्या पडद्यात रुतलेलं एक प्रोटीन. त्याचा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर, नॉर्मल पेशीत दोन कॉपी. मावशीसारख्या गाठीत त्या जीनच्या कॉपी वाढत गेलेल्या असतात, त्यामुळे नॉर्मल पेशीवर हर-टू काही हजारांत असतं तिथे या पेशीवर दहा लाखांच्या घरात जाऊ शकतं. हर-टूला बाहेरून कोणी निरोप द्यावा लागत नाही, ते शेजारच्या भावंडाशी जोडी करतं, जास्त करून हर-थ्रीशी, आणि जोडी जमली की आत पीआय-थ्री-कायनेज, मॅप-कायनेज या निरोप पोचवणाऱ्या साखळ्या चालू होतात आणि हुकूम सुटतो, वाढ, विभागणी कर, मरू नकोस. इतकी गर्दी झाली की जोड्या आपोआपच जमत राहतात आणि हुकूम कधी बंदच होत नाही. आम्ही स्लाइडवर बघतो तेव्हा ३ प्लस म्हणजे प्रत्येक पेशीभोवती पूर्ण, जाड, तपकिरी कडा, पुढे पुढे तर सगळी स्लाइड कोंबड्या अडवायला लावतात त्या जाळीसारखी दिसते. २ प्लस आलं तर आम्ही फिशला पाठवतो, जीनच्या कॉपी प्रत्यक्ष मोजायला. ३ प्लसला शंका नसते.

लॉस एंजेलिसला डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की ज्या बायकांच्या गाठीत हा जीन वाढलेला असतो त्यांचा आजार जास्त वेगाने परत येतो. त्यानंतर ११ वर्षांनी, १९९८ ला, ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही अँटिबॉडी जाऊन हर-टूच्या बाहेरच्या भागाला धरते, हुकूम दाबते आणि वर शरीराच्या नॅचरल किलर पेशींना ही पेशी मारायची आहे अशी खूण पटवते. एकेकाळी हर-टू पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांचा चेहरा उतरायचा, आज त्याच रिपोर्टवर आम्ही म्हणतो की चला, याला नेम धरून मारायला औषध आहे. २०१४ पासून भारतात बनलेलं बायोसिमिलरही (त्याच औषधाची जवळजवळ तशीच आवृत्ती) मिळतंय म्हणून हे औषध मिरजेत तुझ्या मावशीपर्यंत पोचलं. केस जाणं, तोंड येणं हे ट्रास्टुझुमॅबचं नाही, ते मुख्यतः केमोचं, आणि केमो संपली की केस येतात. ट्रास्टुझुमॅबची काळजी हृदयाची, म्हणून अधूनमधून टूडी इको करतात, तो चुकवू नका.

तर काकांचं जे मनातलं आहे की झाडपाल्यात ताकद असते, त्याच्याशी मी भांडणार नाही, ते बरोबर आहे. मावशीला सलाइनमधून जे डोसिटॅक्सेल जातंय ते युरोपातल्या यू नावाच्या झाडाच्या पानांतून काढलेल्या रेणूपासूनच बनवतात, ही गोष्ट काकांना नक्की सांग. दारातली सदाफुली घे, तिच्यातून निघालेल्या विन्क्रिस्टीनला १९६३ ला मंजुरी मिळाली आणि आजही लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये ते लागतं. पण एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि कोणी सदाफुलीचा पाला चावून खाल्ला तर विषबाधा होईल, ल्युकेमिया जाणार नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र नरक्याची गोष्ट. महाबळेश्वर, कोयना, खाली आंबोलीपर्यंत सह्याद्रीत हे झाड आहे, लाकडाला घाण वास म्हणून हे नाव, चोरटी तोडही त्याची भरपूर होते. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हा रेणू अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळा केला आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या नरक्यात तो भरपूर असल्याचं दाखवलं. प्लेटमध्ये जबरदस्त, उंदरात जबरदस्त. मग माणसात दिला तेव्हा काय झालं बघ. तो पाण्यात विरघळत नव्हता म्हणून सोडियम सॉल्ट करून दिला, त्याने रेणूतलं एक कडं उघडतं आणि उघड्या कड्याचा रेणू जवळजवळ निकामी. पण लघवी आम्लधर्मी, मूत्राशयात पोचल्यावर ते कडं परत मिटायचं, रेणू तिथे जागा व्हायचा आणि पेशंटना लघवीतून रक्त जायचं. १९७० च्या दशकात ट्रायल बंद करावी लागली.

पुढे १९८५ मध्ये कळलं की हा रेणू नक्की करतो काय. डीएनएची कॉपी काढताना पुढच्या दोराला पीळ चढत जातो, तो पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-वन नावाचं एन्झाइम एक पदर कापतं, दोर फिरू देतं आणि परत सांधतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागेत पाचरीसारखं बसतं आणि सांधू देत नाही. मागून कॉपी काढणारं यंत्र येऊन त्यावर आदळतं आणि एका पदराची काप दोन्ही पदरांची होते. विभागणाऱ्या पेशीला हे झेपत नाही. एकदा कुठे, कसं, कधी हे कळल्यावर केमिस्ट लोकांनी विरघळणारे भाऊबंद बनवले, टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन, अमेरिकेत दोघांनाही १९९६ मध्ये मंजुरी. रेणू पहिल्यांदा वेगळा झाल्यापासून ३० वर्षं. आणि २०१९ मध्ये तर या कुळातला रेणू ट्रास्टुझुमॅबच्याच पाठीवर चढवून, एका अँटिबॉडीवर सुमारे आठ, थेट हर-टूवाल्या पेशीत नेऊन सोडणारं औषध मंजूर झालं, ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टिकॅन. मावशीसारखाच आजार पुढच्या स्टेजला गेलेल्या बायकांना ते देतात. आपल्या डोंगरातल्या झाडात जो रेणू सापडतो त्याचा नातेवाईक हर-टूचा पत्ता शोधत पेशीत शिरतोय, हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, अजूनही येतो.

कर्क्युमिनला हा रस्ता बंद आहे असं नाही. त्याचं रूप बदलून, शोषलं जाईल असं करून कोणी ट्रायलमध्ये दाखवलं तर मी पहिली पेढे वाटेन. आज ते दाखवलेलं नाही, आणि मावशीची तारीख आज आहे.

आता कॅप्सूल नुसत्या निरुपयोगी असत्या तर मी एवढी मागे लागले नसते. २००२ चा कॅन्सर रिसर्चमधला पेपर आहे, तो वाच, तुझ्याच भाषेतला आहे. ब्रेस्ट कॅन्सरच्या तीन सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी), त्यातली बीटी-४७४ हर-टूवाली. कर्क्युमिन आधी दिलं तर कॅम्प्टोथेसिन, डॉक्सोरुबिसिन यांनी होणारा अपॉप्टोसिस ७० टक्क्यांपर्यंत कमी झाला. आणि उंदरांना खाण्यातून कर्क्युमिन दिल्यावर सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाने गाठ जेवढी कमी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. मावशीची औषधं वेगळी आहेत, आणि प्लेट व उंदीर म्हणजे माणूस नाही हा नियम इथेही लागू, पण घरात एका प्लेटवर विश्वास ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचंच नाही असं करता येत नाही.

दुसरं यकृत. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढावं म्हणून मिरीतलं पायपरीन घालतात, ते कर्क्युमिनचं मोडणं रोखतं, पण यकृत ज्या एन्झाइमांनी बाकीची औषधं मोडतं त्यांच्यातही हात घालतं, आणि डोसिटॅक्सेल त्याच वाटेने मोडलं जातं. डोसिटॅक्सेल रक्तात जास्त वेळ राहिलं तर पांढऱ्या पेशी आणखी खाली. अमेरिकेत यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटने झालेल्या १० केसेस मांडल्या, त्यातले ५ ॲडमिट झाले, एकाचा मृत्यू झाला. आणि केमोवर असताना मावशीचे एसजीपीटी (यकृताच्या टेस्टचा आकडा) वाढले तर डॉक्टर सायकल पुढे ढकलतील, कारण कॅप्सूल आहे की केमो हे त्यांना कसं कळणार.

मी स्लाइडच्या बाजूने एवढंच सांगू शकते की हर-टू ३ प्लसची गाठ मध्येच सोडलेली आम्ही बघतो. एका बाईंनी दुसऱ्या सायकलनंतर येणं थांबवलं, कसला तरी पाला चालू केला, आठ महिन्यांनी आल्या तेव्हा माझ्याकडे ब्रेस्टचा नाही, यकृतातून घेतलेला तुकडा आला. तीच तपकिरी जाळी, फक्त आजूबाजूला यकृताच्या पेशी. त्यांच्या पहिल्या बायोप्सीची स्लाइड मी कपाटातून काढून शेजारी ठेवून बघितली होती.

घरी बोलताना काकांना चारचौघांत खोटं पाडू नकोस. त्यांना मावशीचे हाल बघवत नाहीयेत, त्या हालांवर काहीतरी करून दाखवलं की ते ऐकतील. तोंड आलंय त्याला माउथवॉश, जेल मिळतं, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतात, मऊ भात, ताक, मुगाचं वरण, जे जाईल ते थोडं थोडं. ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. उलटीचं औषध पुरत नसेल तर ते बदलता येतं, फक्त सांगावं लागतं, आपल्या बायका सांगत नाहीत हाच मोठा घोटाळा आहे. पुढच्या तारखेला काकांनाच सोबत घेऊन जा, फाइल घ्या, शेवटच्या इकोचा रिपोर्ट घ्या, आणि घरात कॅप्सूलची बाटली आधीच आली असेल तर तीही पिशवीत टाका, मावशीने किती दिवस, रोज किती घेतल्या ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.